जिरेटोपाखालचं डोकं

आज वाचायची घाई करू नका. एक परिच्छेद झाला की थांबा, हवं तर उठून पाणी प्या, मग पुढचा घ्या. जालना जिल्ह्यात घनसावंगी तालुक्यात जांब समर्थ नावाचं गाव आहे. थोडा वेळ आपल्याला त्या गावाच्या शेजारी बसायचं आहे.

महाराष्ट्र या गावाला रामदासांचं जन्मगाव म्हणून ओळखतो. जन्म १६०८ सालचा. बोहल्यावर 'सावधान' ऐकून मुलगा पळाला, ही आख्यायिका शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. माझ्या मनात मात्र हे गाव राहिलंय ते एका नाटकामुळे. इथले शेतकरी राजकुमार तांगडे यांनी 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' लिहिलं आणि २०१२ मध्ये ते रंगमंचावर आलं. मूळ कल्पना आणि संगीत लोकशाहीर संभाजी भगत यांचं, दिग्दर्शन नंदू माधव यांचं. जालन्याच्याच कैलास वाघमारेंसारखा नट या नाटकामुळे महाराष्ट्रभर माहीत झाला. बाकीची बरीचशी मंडळीही शेतकरी घरांतली. प्रयोगाला मुंबई-पुण्याला जायचं आणि कामाच्या दिवसांत रानात परतायचं, असा त्यांचा शिरस्ता.

आता आपला उजवा हात समोर धरा. नुसता बघा. आज दिवसभरात या हातानं काय काय केलं, ते सावकाश आठवा.

आठवलं असेल, तर त्याच्या शेजारी दुसरा एक हात ठेवा, कापूस वेचणारा. दसरा-दिवाळीच्या सुमाराचे दिवस आहेत. कमरेला ओटी बांधलेली आहे. बोंड फुटलंय, पण त्याच्या वाळलेल्या पाकळ्यांची टोकं टोचतात. म्हणून बोटांचे शेंडे जवळ घेऊन आत घालायचे आणि पाला-काडी मागं ठेवून कापूस तेवढा अलगद ओढून घ्यायचा. दोन्ही हात दोन वेगळ्या बोंडांवर चाललेले असतात आणि नजर तोवर तिसऱ्यावर गेलेली असते. शेजारच्या तासातली बाई किती पुढं गेली, हे मान न वळवता कळतं. तोंडानं गाणं, चेष्टा, घरची कुरबुर सगळं सुरू असतं आणि हात थांबत नाही. दुपार कलते, ओटी जड होते, कंबर भरून येते, तरी बोटांची चाल तीच.

या हातापाशी थोडं रेंगाळा.

नटांच्या शिबिरात शिकवतात ते काय वेगळं असतं? हात मोकळा ठेवा. नजर पुढच्या क्षणावर असू द्या. सोबतच्या नटाकडे न बघता त्याचा अंदाज घ्या. बोलणं आणि कृती एकमेकांत अडकू देऊ नका. वेचणीला जाणारी बाई हे सगळं रोज करते, तिला त्याचं नाव कुणी सांगितलेलं नसतं एवढंच. म्हणून मला ठामपणे वाटतं की नट घडवण्याची सुरुवात त्याच्या अंगात आधीच काय मुरलंय ते ओळखण्यापासून व्हावी. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत कसा न्यायचा, वाक्य कुठं तोडायचं, उजेडात कसं उभं राहायचं, हे तालमीत शिकवावंच लागतं. तिथं कसूर नको. पण अंग कोरं करून मग त्यावर अभिनय चढवायचा, हा हट्ट नको.

आता एक श्वास घ्या आणि सोडताना एक वाक्य मोठ्यानं म्हणा. घरी, आपल्या माणसाशी, रागात किंवा लाडात बोलता तसलं वाक्य. 'कुठं निघालास?' इतकं साधं चालेल. लोकांसमोर बोलायला उभे राहिलात की या वाक्याचं काय होतं? बहुतेकांचा सूर बदलतो, हेल गळतो, 'करायलो'चं 'करतो आहे' होतं. गावाकडच्या कितीतरी पोरांनी याच भीतीपायी स्टेजवर जाणं सोडलं आहे. जालन्याची ही माणसं आपल्याच हेलानं बोलली आणि शहरातली नाट्यगृहं भरली. भाषा सुधारून घेतल्यावर अर्धा नट विंगेतच राहतो, असं मला त्या प्रयोगाचा विचार करताना पुन्हा पुन्हा वाटतं.

तांगडे यांचं आधीचं नाटक 'आकडा'. विषय गावाकडच्या विजेचा. वाहिनीवर टाकून चोरून वीज घ्यायचा हा आकडाही जरा डोळ्यांपुढं आणा. लांब काठीला वाकवलेली तार बांधलेली, रात्रीची वेळ, पाय चिखलात, वर उघडी वाहिनी. शेतातल्या पंपाला वीज मिळते तीही पुष्कळदा रात्री. काठी वर जाते तेव्हा श्वास कसा धरला जातो? हा प्रसंग उभा करायला शेतकऱ्याला कल्पना लढवावी लागत नाही.

असं दूर देशीही घडलं आहे. १९६५ साली कॅलिफोर्नियात द्राक्षमळ्यांतल्या मजुरांचा संप सुरू असताना लुईस वाल्देझ यांनी 'तेआत्रो कांपेसिनो' उभं केलं. नट म्हणजे मजूरच. ट्रकच्या मागच्या फळीवर नाटुकलं व्हायचं. गळ्यात पाटी अडकवली की झाला मालक, दुसरी अडकवली की झाला संपफोड्या. ज्याच्याशी दिवसभर भांडायचं, संध्याकाळी त्याचीच भूमिका करायची. दुसऱ्याच्या जागी उभं राहण्याचं याहून कडक शिक्षण मला माहीत नाही.

आता त्या जिरेटोपाकडे वळू. नाटकात शिवाजी महाराजांना न्यायला यम येतो. महाराजांचे विचार मात्र खालीच राहतात. मग यमाला जिरेटोप घेऊन, तो ज्याला बसेल असं डोकं शोधत फिरावं लागतं. इकडे भीमनगर मोहल्ल्यात महाराज नेमके कुणाचे, यावर शाहिरांची जुगलबंदी पेटते.

तुमच्यासमोर यम उभा आहे असं समजा. त्याच्या हातात टोप आहे. लगेच डोकं पुढं करू नका, मागंही घेऊ नका. आधी आत काय काय आहे ते तपासा. गेल्या वर्षभरात जात विचारून तुमचं वागणं कधी बदललं? कुणाच्या शेतमालाचा भाव पाडून घेतलात? कुणाचा देव, कुणाची वस्ती ऐकून मनात आठी पडली? उत्तर कुणाला सांगायचं नाही. ते येऊ द्या आणि राहू द्या. प्रेक्षागृहात हसताहसता माणसं गप्प व्हायची ती याच ठिकाणी, असा माझा समज आहे. हा प्रश्न शेतकऱ्याच्या तोंडून आला म्हणून तो टाळता आला नाही. रयत म्हणून ज्यांचं नाव इतिहासात घेतात, तीच माणसं समोर उभी राहून विचारत होती.

साल आठवा, २०१२. त्या वर्षी पाऊस जालन्याला दगा देऊन गेला. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मोसंबीच्या बागा वाळल्या, जालना शहरातही टँकरच्या पाण्यावर दिवस काढावे लागले. ज्याचं रान तिकडं करपतंय, त्यानं इकडं रंग लावून उभं राहायचं आणि लोकांना हसवायचं. यासाठी कोणती ताकद लागते, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. धैर्य म्हणावं, तर शब्द मोठा होतो. ठरलेल्या दिवशी पेरायचं आणि मग वाट बघायची, ही सवय ज्याला आहे त्याला ठरलेल्या दिवशी प्रयोग करणं जमतं, एवढंच मला कळलं.

शेवटी आपल्या ओळखीतला एक माणूस मनात आणा. पारावर नक्कल करून सगळ्यांना लोळवणारा, नाहीतर भांडणात एका वाक्यानं समोरच्याला गप्प करणारी एखादी मावशी. त्यांना गाठा आणि सरळ विचारा, नाटकात काम कराल का? वेचणी उरकल्यावर विचारा. त्याआधी त्यांना वेळ नसतो.