बारा वाजून दहा मिनिटं

आमच्या घराण्याचा शिकारीशी संबंध विचाराल तर तो तोंडी स्वरूपाचा आहे. चुलत आजोबांकडे एक बंदूक होती. भिवंडीहून वाड्याच्या बाजूला तेव्हा चांगलं रान होतं. १९५१ साली त्या वेळच्या मुंबई राज्याने वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा केला आणि आजोबांनी रीतसर परवाना काढला. तो परवाना अजून आमच्या ट्रंकेत आहे. केलेल्या शिकारीचा पुरावा मात्र ट्रंकेत किंवा इतरत्र कुठेही नाही. ते म्हणे हरियालावर नेम धरीत. हा हिरव्या कबुतरासारखा पक्षी पुढे महाराष्ट्राचा राज्यपक्षी झाला. आजोबांचा नेम बरा असता तर सरकारला दुसरा पक्षी शोधावा लागला असता, असं आमच्याकडे अभिमानाने सांगतात.

पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यातही सुरुवातीला काही प्राण्यांपुरती परवान्याची फट होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती बुजवली. राहता राहिले कावळे, उंदीर आणि फळं खाणारी वटवाघळं. कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत ही मंडळी 'उपद्रवी' म्हणून नोंदलेली होती. २०२२ च्या दुरुस्तीत ती अनुसूचीच गेली. मी भिवंडीतल्या एका कापडाच्या गोदामात तीस वर्षं जमाखर्च लिहिला. तिथल्या उंदरांनी माझ्या वह्या खाल्ल्या, धोतरजोड्यांचे तागे खाल्ले, एकदा माझा डबाही खाल्ला. त्यांच्या नावावरचा सरकारी डाग पुसला गेला हे वाचून मला क्षणभर आपलीच पेन्शन कापल्यासारखं वाटलं.

सांगायचा मुद्दा, मी असा सर्व बाजूंनी निःशस्त्र माणूस. त्यामुळे गेल्या वर्षी एप्रिलात माझ्या भाच्याचा पेनसिल्व्हेनियाहून फोन आला आणि तो म्हणाला, "मामा, मी रानटर्कीच्या शिकारीला जातोय," तेव्हा मी खुर्चीत सावरून बसलो.

"टर्की म्हणजे?" आमच्या हिने स्वयंपाकघरातून विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर वाटतं तितकं सोपं नाही. हा पक्षी मूळचा अमेरिकेतला. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचं नाव दिलं. तुर्की भाषेत त्याला 'हिंदी' म्हणतात. म्हणजे त्यांच्या मते तो आपल्याकडचा. पोर्तुगीज त्याला 'पेरू' म्हणतात. आपल्याकडे तो आला तोही पोर्तुगीजांच्या गोव्यातूनच. १६१२ साली जहांगीर बादशहाच्या मुकर्रबखान नावाच्या सरदाराने गोव्याहून तो दरबारात नेला आणि उस्ताद मन्सूरने त्याचं सुंदर चित्र काढलं. हे सगळं मी हिला समजावून सांगितलं. त्यातलं तिने एवढंच घेतलं की भाचा बंदूक घेऊन पेरू पाडायला चालला आहे. "त्याला सांगा, आकडी लावलेली काठी ने म्हणावं," ती म्हणाली.

भाच्याने मग तयारी सांगायला सुरुवात केली. तयारी ऐकून मला आयकराचा अर्ज आठवला. आधी नवशिक्या शिकाऱ्यांसाठीचा अभ्यासक्रम. मग परवाना. त्या परवान्यात वसंतातला एक पक्षी. दुसरा हवा असेल तर मोसम सुरू होण्याआधी वेगळा परवाना काढायचा. मोसम मे महिन्याचा. वसंतात मारायचा तो छातीवर केसांची दाढी लोंबणारा पक्षीच, म्हणजे जवळजवळ नेहमी नर. मादी तेव्हा अंड्यावर बसलेली असते, तिच्या वाटेला जायचं नाही. पक्ष्याच्या मागे लपतछपत जायला बंदी. एका जागी बसून मादीसारखा आवाज काढायचा आणि तो आपण होऊन येईल याची वाट बघायची. मारला की तिथल्या तिथे त्याला चिठ्ठी बांधायची आणि दहा दिवसांच्या आत सरकारला कळवायचं. शिवाय मोसमाच्या पूर्वार्धात सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून भर दुपारी बारापर्यंतच शिकार. बारा वाजले की बंद.

"अरे, एवढ्या कागदांत तर आमच्याकडे एक सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहते," मी म्हटलं.

पण त्याने दिलेला खुलासा विचार करायला लावणारा होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा पक्षी अमेरिकेतून जवळजवळ संपला होता. बेसुमार शिकार आणि जंगलतोड. कित्येक राज्यांत तर औषधालाही उरला नव्हता. मग मुदती बांधल्या, संख्या बांधली. १९३७ साली कायदा झाला आणि बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्य प्राण्यांसाठी राखून ठेवला गेला. उरलेले पक्षी जाळ्यात धरून नव्या रानांत नेऊन सोडले. आज ते लाखोंनी आहेत. ज्यांनी संपवत आणला त्यांच्याच पैशाने तो वाचला. ही गोष्ट मला पुराणातल्यासारखी वाटली, फक्त यात कुणाला वर मिळाला नाही, पावती मिळाली.

मे महिन्यात भाच्याचा पुन्हा फोन आला. तीन शनिवारची रजा आणि पहाटे तीनचा गजर खर्ची घालून तो झाडाला पाठ लावून बसला होता. पहिल्या शनिवारी काही आलं नाही. दुसऱ्या शनिवारी साडेअकराला लांबून हाकेला ओ आली. पक्षी येत होता, पण लग्नघरच्या मामासारखा, प्रत्येक पायरीवर थांबत. शेवटी समोर येऊन पिसारा फुलवून उभा राहिला. भाच्याने घड्याळ पाहिलं. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"मग?"

"मग काय मामा, काडतुसं काढली आणि घरी आलो."

"तुझ्याबरोबर कोण होतं?"

"कुणीच नाही."

"जंगलखात्याचं माणूस?"

"कोसभर कुणी नव्हतं."

मी खूप हसलो. इतका की हिने पाणी आणून दिलं. पुढचे पंधरा दिवस शिवाजी चौकापासून कल्याण नाक्यापर्यंत जो भेटेल त्याला मी ही गोष्ट सांगितली. सगळे हसले. दहा मिनिटं! आमच्याकडे बाराची बैठक सव्वाला सुरू झाली तर अध्यक्षांचा वक्तशीरपणाबद्दल सत्कार होतो. शिवाय माझा युक्तिवाद बिनतोड होता. बारा वाजता जे पुण्य नव्हतं ते बारा दहाला पाप कसं होईल? पक्षी तोच, बंदूक तीच, मरण तेच. नीती काय घड्याळ लावून फिरते?

तिसऱ्या शनिवारी पोराला पक्षी दिसलाच नाही. "बघ," मी म्हटलं, "आता बस नियम शिजवून खात."

जून उजाडला आणि नियतीने माझ्याकडे मोर्चा वळवला.

आमच्या गोदामाचा जुना मुकादम पडघ्याच्या पुढच्या एका गावात राहतो. पहिला दणदणीत पाऊस पडला की आमच्या तालुक्यात वलगण चढते. म्हणजे नदीतले, तळ्यांतले मासे अंडी घालायला ओहोळांतून उलटे वर भाताच्या खाचरांकडे निघतात. ठाणे जिल्ह्यातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. त्या रात्री बॅटऱ्या, पाग, टोपल्या घेऊन गावंच्या गावं पाण्यात उभी असतात. मुकादम मला गेली वीस वर्षं बोलावत होता. या वर्षी, घराण्याला शिकारीचा लौकिक मिळवून द्यायचाच म्हणून, मी हो म्हटलं.

भाच्याच्या वरताण करायची म्हणून मी यादी केली: बॅटरी, सुकी बनियन, आल्याच्या वड्या, कैलास जीवन. मुकादमाला फोन करून विचारलं, "नक्की कोणत्या तारखेला?"

"भाऊ, पाऊस काय टपालानं कळवून येतो का?" तो म्हणाला.

परवाना नाही, तारीख नाही, अभ्यासक्रम नाही. मला फार मोकळं वाटलं. शेवटी एका रात्री नऊला त्याचा निरोप आला आणि मी घरातली जुनी मच्छरदाणी काखोटीला मारून एस.टी.च्या शेवटच्या गाडीने निघालो.

ओहोळ फार मोठा नव्हता, असेल आठ-दहा हातांचा. मुकादमाने मधोमध दगड रचून एका अंगाला पाग धरला होता. दुसरं अंग मोकळं. गुडघाभर पाण्यात मी उभा होतो आणि पायांना काहीतरी गार, निसरडं चाटून वर जात होतं. मरळ, शिंगट्या, नाव माहीत नसलेले चांदीसारखे चिमुकले. माणसाला साठीनंतर इतकं हसू येतं हे मला माहीत नव्हतं. तासाभरात टोपली तळापुरती भरली. मुकादम म्हणाला, "भाऊ, घरी जाऊन चहा सांगून येतो." आणि गेला.

आता जे लिहितो ते हिलासुद्धा सांगितलेलं नाही.

तो दिसेनासा होताच माझी नजर त्या मोकळ्या अंगाकडे गेली. माझ्या देखत मासे तिथून वर सटकत होते. हिशेबनीसाला गळती बघवत नाही. मी मच्छरदाणी सोडली, एक टोक दगडाखाली दाबलं, दुसरं काठावरच्या मुळीला बांधलं आणि ओहोळ या काठापासून त्या काठापर्यंत बंद केला. दहा मिनिटं लागली असतील. त्या दहा मिनिटांत टोपली काठोकाठ भरली, मग मी बनियनची झोळी केली. मच्छरदाणीच्या भोकांतून डाससुद्धा जात नाही, तिथे बोटभर पोर कुठून जाणार?

मुकादम किटली घेऊन आला. त्याने बॅटरी मच्छरदाणीवर टाकली, मग माझ्या बनियनवर. काही बोलला नाही. पाण्यात उतरला, मुळीला बांधलेलं टोक सोडलं आणि दाणी गुंडाळून काठावर ठेवली. पाणी भसकन वर-खाली झालं आणि थांबलेली गर्दी पुन्हा चालायला लागली.

"भाऊ, चहा गार होतोय," तो म्हणाला. आणि कप हातात दिल्यावर, सहज बोलावं तसं, "एक बाजू त्यांची असते."

कोणत्या कलमान्वये, हे मी विचारलं नाही. तीस वर्षं मी त्याच्या हजेरीत खाडे मांडले होते. त्या रात्री माझा पहिला खाडा त्याने मांडला.

घरी हिने मासे चिरायला घेतले. एकेकाच्या पोटात पिवळीधमक गाभोळी. आमच्याकडे जूनमधला मासा नावाजतात तो याच गाभोळीसाठी. खाडीची चिवणी बाजारात येते तेव्हा बायका पोट दाबून बघतात. भाच्याच्या गावी मादीला हात लावायचा नाही म्हणून नियम आणि आमच्या गावी मादी आहे की नाही एवढंच बघून भाव. मी ताटावर बसलो आणि घास घेताना नको तो हिशेब सुरू झाला. या एका तुकड्यात पुढच्या पावसातले किती मासे आहेत? मुद्दल खाऊन व्याजाची वाट बघणारा कुळकर्णी मी आयुष्यभर मूर्ख मानला होता.

मासे रुचकर झाले होते. खोटं कशाला बोलू? दोनदा वाढून घेतलं. पण त्या जेवणानंतर मला रविवारची झोप लागली नाही, आणि ज्याला रविवारची झोप लागत नाही तो माणूस तत्त्वज्ञ होतो.

आपल्याकडे मुदती नाहीत असं नाही. समुद्रात १ जून ते ३१ जुलै, एकसष्ट दिवस, यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. कोळी तर नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याखेरीज दर्यात होडी घालत नसत. तिकडे कायदा नंतर आला, नारळ आधी होता. घरोघर श्रावण पाळतात. मीही पाळतो. पोलीस नाही, दंड नाही, तरी महिनाभर मासळीकडे बघत नाही. पण आमच्या ओहोळातल्या माशांच्या दृष्टीने माझा श्रावण म्हणजे वरातीमागून घोडं. अंडी जूनमध्ये खायची आणि संयम ऑगस्टात करायचा! संयम माझ्या सोयीचा होता, माशांच्या नाही.

आणि मग भाच्याची ती दहा मिनिटं आठवली. बारा आणि बारा दहा यांत पाप-पुण्याचा फरक नसतो, हा माझा युक्तिवाद अजूनही बिनतोड आहे. रेघ साडेबारालाही मारता आली असती. पण कुठेतरी मारावी लागते. आणि एकदा मारली की रेघ कुठे आहे याला महत्त्व उरत नाही. कोसभर कुणी नसताना ती आपल्याला दिसते की नाही, याला महत्त्व येतं. भाच्याला ती छापील नियमात दिसली. मुकादमाला कुणी छापून दिली नव्हती, तरी काळोखात दिसली. मला मात्र, परवाना मागायला कुणी नाही म्हटल्यावर, ओहोळाला दुसरी बाजू आहे हेच दिसलं नाही. कायदा नव्हता म्हणून मी निर्दोष होतो. इतका निर्दोष मी आयुष्यात कधी झालो नव्हतो, आणि इतकी लाजही कधी वाटली नव्हती.

पुढच्या रविवारी मी भाच्याला फोन केला.

"अरे, त्या बारा दहाबद्दल मी हसलो होतो ना..."

"हो मामा. सगळ्या भिवंडीला सांगितलंत. माझ्या आईलासुद्धा तिकडून कुणीतरी फोन करून सांगितलं."

"ते परत घेतो."

"का? काय झालं?"

"काही नाही. आमच्याकडे जरा पाऊस झाला."

यंदाही मुकादमाने बोलावलं आहे. यादी मी पुन्हा केली: बॅटरी, सुकी बनियन, आल्याच्या वड्या, कैलास जीवन. मच्छरदाणी मात्र नेणार नाही. ती पलंगावर लावली आहे, चारही बाजूंनी बंद करून. सकाळी उठून बघतो तर आत दोन डास असतातच. एक बाजू त्यांची, असं म्हणतो आणि खाजवत बसतो.