मागे राहिलेला कोण?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या मावसबहिणीची नात आमच्याकडे दोन दिवस राहून गेली. मुलगी विद्यापीठात शिकते. वयस्कर माणसे नवी यंत्रे, म्हणजे फोनवरचे डॉक्टरांचे ॲप, बँकेचे व्यवहार, हल्लीची प्रश्नाला उत्तर देणारी बोलकी यंत्रे, कशी आणि किती दिवसांनी स्वीकारतात, हा तिच्या प्रबंधाचा विषय. प्रश्नावली हिब्रूत होती. आमच्या मातोश्री नव्वदीला टेकल्या आहेत आणि त्यांची हिब्रू बाजारापुरतीच, तेव्हा दुभाष्याचे काम आमच्याकडे आले.

"पणजी, डॉक्टरची वेळ फोनवरून घेतेस का?"

"नाही ग बाळा. खिडकीत बाई बसते ना, ती माझं तोंड बघते आणि म्हणते, आजी, तू आजच ये. फोन माझं तोंड बघतो का?"

मुलीने कागदाकडे पाहिले. उत्तरासाठी चार खाने छापलेले होते: भीती वाटते, जमत नाही, गरज वाटत नाही, विश्वास नाही. तिने थोडा विचार करून 'जमत नाही' वर खूण केली. शेवटी गुणांची बेरीज झाली आणि मातोश्री शेवटच्या वर्गात बसल्या. त्या वर्गाचे नाव 'मागे रेंगाळणारे'. मातोश्रींनी विचारले, "काय लिहिलं तिनं?" आम्ही सांगितले, "सावकाश चालणारे." त्या हसल्या आणि मुलीला म्हणाल्या, "खरं आहे, गुडघे दुखतात."

आम्ही खोटे बोललो की केवळ भाषांतर केले, हे आम्हाला अजून ठरवता आलेले नाही. पण तो शब्द उच्चारवेना, एवढे खरे. तो आला कुठून ते शोधले, तेव्हा पाळेमुळे अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या मक्याच्या शेतांत निघाली. तेथे १९४१ साली ब्राइस रायन हे प्राध्यापक आणि त्यांचे विद्यार्थी नील ग्रॉस यांनी दोन गावांतल्या शेतकऱ्यांची पाहणी केली. संकरित मक्याचे बियाणे १९२८ च्या सुमारास आले होते. पीक सुमारे वीस टक्के जास्त, पण बी दरवर्षी विकत घ्यावे लागे. घरचे राखून चालत नसे. पाहणीतल्या २५९ शेतकऱ्यांपैकी दोघे सोडून सर्वांनी ते तोवर स्वीकारले होते. तरी बियाण्याविषयी प्रथम ऐकल्यापासून ते पेरेपर्यंत सरासरी नऊ वर्षे गेली. बातमी बहुधा विक्रेत्याकडून कळे, पण विश्वास बसे तो शेजाऱ्याचे शेत पाहून. आपल्या लोकांना याचे नवल वाटू नये. दुकानदार कितीही बोलला तरी घरात मिक्सर आला तो शेजारणीचे वाटण चाखल्यावरच.

पुढे एव्हरेट रॉजर्स हे आयोवाचेच शेतकरीपुत्र याच विषयाचे विद्यार्थी झाले. त्यांच्या वडिलांना यंत्रांची हौस होती, पण संकरित बियाण्यावर भरवसा नव्हता. १९३६ च्या दुष्काळात शेजाऱ्याचा संकरित मका उभा राहिला आणि यांचा करपला. १९६२ साली रॉजर्स यांनी आपला ग्रंथ काढला आणि माणसांचे पाच वर्ग केले. सर्वांत शेवटचे सोळा टक्के ते 'लॅगार्ड'. आमच्या मातोश्री ज्यात बसल्या तो हाच खाना.

मात्र गोष्ट येथे संपत नाही. आपल्या प्रबंधासाठी १९५४ साली रॉजर्स आयोवात कॉलिन्स येथल्या शेतकऱ्यांना भेटत होते. त्यांत एक असा निघाला की तो तणनाशक, कीटकनाशक काहीच शेतात येऊ देईना. या औषधांनी गांडुळे मरतात, गाणारी पाखरे मरतात, असे त्याचे म्हणणे. रॉजर्स यांना ते अडाणीपणाचे वाटले आणि त्याची गणना रेंगाळणाऱ्यांत झाली. १९६२ सालीच रेचल कार्सन यांचे 'सायलेंट स्प्रिंग' निघाले; १९७२ साली अमेरिकेने शेतीसाठी डीडीटी बंद केले. पुढे रॉजर्स यांनी आपल्याच ग्रंथात या शेतकऱ्याची हकीकत दिली आणि आजच्या मापाने तो सर्वांच्या पुढे होता, हे कबूल केले. मोजणाऱ्याने आपली पट्टी चुकल्याचे छापून सांगावे, हे आम्हाला त्या पाच वर्गांपेक्षा मोठे काम वाटते.

म्हणून उशीर करणारा प्रत्येकजण शहाणा, असे आम्ही म्हणत नाही. करपलेला मकाही खराच होता. करोनाची लस २०२० च्या डिसेंबरात सुरू झाली, तेव्हा मातोश्रींची वेळ नातवाने फोनवरून घेतली. त्यांनी फोन हाती धरला नाही, पण त्याचा भार कोणीतरी उचललाच. पुष्कळदा तो सुनेने उचललेला असतो आणि तिला कोणी विचारलेले नसते. हेही प्रश्नावलीत यायला हवे होते.

आणखी एक गोष्ट. आमच्या गावच्या दवाखान्यातली ती खिडकी यंदा बंद झाली. वेळ आता फोनवरूनच घ्यायची. वृद्ध फोनकडे का वळत नाहीत, याला प्रश्नावलीत तीन पाने आहेत. खिडकी कोणी बंद केली आणि बंद करताना कोणाला विचारले, याला एक ओळ नाही. शिकणाऱ्या मुलांचा यात दोष थोडा, कारण ज्याच्यापाशी जाता येते त्यालाच ती विचारतात. पण उत्तरे देणाऱ्याच्या बाजूला आपला समाज पूर्वीही बसलेला आहे. १९६२ नंतर लग्नाच्या वेळी बेने इस्राएलांना आईकडच्या पिढ्यांची चौकशी सोसावी लागली, आणि १९६४ साली लोक जेरुसलेमला येऊन धरणे धरून बसले तेव्हा कोठे पार्लमेंटने निर्वाळा दिला. खाना दुसऱ्याने आखलेला असला की काय होते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

मुलीला आम्ही हे जेवताना सांगितले. ती रागावली नाही. तिने उलट विचारले, "शब्बाथला फोन बंद ठेवणारे आणि सहा दिवस रात्रंदिवस वापरणारे, त्यांना मी कुठं घालू?" आम्हाला सांगता आले नाही. मग तिने कागद काढला, 'जमत नाही' ची खूण खोडली आणि समासात पणजीचे खिडकीतल्या बाईविषयीचे उत्तर मराठीतच, आम्ही सांगू तसे, हिब्रू अक्षरांत उतरून घेतले. तिचे प्राध्यापक ते मोजणार कसे, देव जाणे.

मातोश्रींना मात्र तो मूळ शब्द आम्ही अजून सांगितलेला नाही. आता हा अंक घरी येईल, आणि अंक आला की तो पहिल्या पानापासून मोठ्याने वाचून दाखवण्याचे काम आमचेच आहे.