झाक

घर रंगवायचं निघालं की प्रत्येक रंगावर वाद होतो आणि एकमत होतं ते बदामीवर. एकमत म्हणजे आवड नव्हे. बदामी कुणाला खुपत नाही, एवढीच त्याची लायकी. पण चार माणसांच्या घरात ही लायकी मोठीच म्हणायची.

शेड कार्ड उघडलं की न खुपणाऱ्या याच रंगाने पानंच्या पानं भरलेली. हस्तिदंती, मोतिया, सायीचा, बिस्किटी. कार्डावर सगळे सज्जन. भिंतीवर गेले की एक गुलाबी निघतो, एक हिरवट, एक काविळीच्या वाटेला लागतो.

रंग सगळ्यांना दिसतो. फसवते ती झाक. कोरा पांढरा कागद पट्टीला लावून धरला की ती लपत नाही.

दुकानात पांढऱ्या बेसचा डबा यंत्राखाली ठेवतात. वरून बारीक धारेने पिवळा ऑक्साइड पडतो, थोडा लाल ऑक्साइड, किंचित काळा. झाकण ठोकतात, डबा गदागदा हलवतात, झाली शेड. बेसची सफेदी टायटॅनियम डायॉक्साइडची. तिला ऊब देणारे दोन्ही ऑक्साइड लोखंडाचे. तुळशीवृंदावनाचा गेरू, वारली घराची लाल भिंत आणि दिवाणखान्यातली महागडी ‘वॉर्म’ शेड यांचं कूळ एकच. चुन्याच्या सफेदीत पिवडी कालवणारे हात हेच करत होते, फक्त अंदाजाने. आणि तो किंचित काळा विसरायचा नाही. तो नसला तर ऊब भडक होते.

पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात मिशेल शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ १८२४ पासून रंगाईचा प्रमुख होता. तिथे विणल्या जाणाऱ्या भित्तिपटांतला काळा फिका वाटतो, अशी तक्रार आली. त्याने काळा तपासला. तो चोख निघाला. दोष शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांचा होता. यावर त्याने १८३९ साली जाडजूड ग्रंथ काढला. आपल्याकडे हेच खापर पेंटरवर फुटतं.

फिक्या रंगाला शेजार फार लागतो. गडद हिरवा सोफा टेकवला की क्रीम भिंत गुलाबी भासू लागते, कारण डोळा हिरव्याचा उलटा रंग तिच्यावर चढवतो. खिडकीबाहेर आंब्याचं झाड असेल तर मात्र भिंत हिरवटच होते. तिथे पानांवरून आलेला उजेड खरोखर हिरवा असतो. एकच हिरवा, दोन उलट परिणाम. लाल कोब्याची जमीन खालून लाली देते. चारी भिंती एकमेकींवर आपला रंग टाकतात, म्हणून कार्डावर फिकी वाटलेली शेड खोलीत दाट होते. जाणता पेंटर म्हणतोच, “वहिनी, एक नंबर फिका घ्या.”

रंग दुपारी पसंत होतो, त्याच्यासोबत राहायचं असतं रात्री.

उत्तरेच्या खिडकीचा उजेड निळसर, पश्चिमेचा सांजेला केशरी. त्यानंतर दिव्याचं राज्य. डब्यावर ६५०० केल्विन लिहिलेली पांढरी ट्यूब महागातल्या बदामीचीही ऊब शोषून घेते. २७०० चा पिवळा दिवा स्वस्तातल्या पांढऱ्यालाही उबदार करतो. (आकडा जितका लहान तितका दिवा पिवळा, हे दुकानदारही पुष्कळदा उलटं सांगतात.) ज्यांना ट्यूब बदलायची नाही, त्यांनी शेडमधला पिवळा थोडा वाढवावा किंवा उबेचा हट्ट सोडावा.

नमुना लावायचा तर कोपऱ्यात, दोन्ही भिंतींवर, दोन हात देऊन. जुन्या पोपटी रंगाला खेटून लावला तर नमुन्याऐवजी पोपटीच मत देतो. भोवती प्रायमर असावा. सुकल्याशिवाय बोलू नये. रात्री आठला पुन्हा पाहावा. एवढं केलं की पेंटर वैतागतो, पण वैताग एका दिवसाचा, रंग पाच-सात वर्षांचा.

एकाच भिंतीला गडद रंग देऊन तिला मिरवण्याची हौस मला समजत नाही. जिथे भिंत बोलते तिथे माणसांना जरा मोठ्याने बोलावं लागतं.

पांढरी भिंत शिस्त मागते, बदामी सवलत देते. धूळ पोटात घालते. स्विचभोवतीची बोटं, देव्हाऱ्यावरची काजळी, सोफ्यामागचा तेलकट डोक्याचा डाग मात्र तिलाही झाकता येत नाही. उरलेला रंग शेडचा नंबर लिहून माळ्यावर ठेवतात, दोन वर्षांनी डागावर ब्रश फिरवतात, आणि ठिगळ उठून दिसतं. डब्यातला रंग तोच आहे, भिंत तेवढ्यात बदलली. मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत मारावी लागते.