जवळ कोण, दूर कोण?

जव्हारनजीकच्या शिरपामाळावर उभे राहिले असता अंतराविषयी विचार मनात येणे साहजिक आहे. १६६४ च्या आरंभी सुरतेच्या स्वारीवर निघालेले शिवाजीमहाराज येथे थांबले, जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी त्यांस शिरपेच अर्पण केला व त्यावरून माळास हे नाव पडले, अशी परंपरा आहे. येथून सुरत सरळ रेषेत सुमारे १४५ किलोमीटर. डोंगर, नद्या व रान ओलांडीत त्या घोडदळास जे अंतर तोडावे लागले, ते आजचे प्रवासी विमान पूर्ण वेगात असता दहाबारा मिनिटांत मागे टाकते.

यावर एक विलाप ठरलेला आहे: वेगाने प्रवासाची गोडी गेली, वाटेतील गावे हरपली. मला तो तितकासा पटत नाही. पायवाटेचे गुणगान बहुधा तेच करतात, ज्यांना रोज चालणे भाग पडत नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस उतरले. तेव्हापासून जग जवळ येत गेले. परदेशी असलेला मुलगा आजारी आईच्या उशाशी दुसऱ्या दिवशी येऊन बसू शकतो, हा विमानाचा उपकार लहान नव्हे.

खरा प्रश्न निराळाच आहे. जग जवळ आले ते कोणाच्या? मुंबईहून दिल्ली हवाई मार्गाने सुमारे ११५० किलोमीटर. उड्डाण दोनसव्वादोन तासांचे. मुंबईहून जव्हार दीडशे किलोमीटरांच्या आतबाहेर. मोटारीने तीनचार तास. विमानतळावरचा खोळंबा हिशेबात धरला, तरी दोहोंची फार तर बरोबरी होते. मुंबई ते लंडन हे सुमारे ७२०० किलोमीटरांचे अंतर. जाताना वरच्या थरांतील पश्चिमेचा वारा समोरून येतो, म्हणून परतीपेक्षा अधिक वेळ लागतो. वेळापत्रकात तोही आधीच धरलेला असतो. वाऱ्याचा एवढा विचार करणाऱ्या आपल्या व्यवस्थेने चिखलाचा विचार कितीसा केला?

ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातील एका पाड्यावर एक स्त्री अवेळी प्रसूत झाली. जुळी अर्भके वाचली नाहीत. वाहन जाईल असा रस्ता नव्हता, म्हणून त्या मातेस डोलीत घालून सुमारे तीन किलोमीटर न्यावे लागले. ते तीन किलोमीटर कोणत्या मापाने मोजावे?

कोणी म्हणेल, मुलूख डोंगराळ, वस्ती विरळ. रस्ता करणार तरी कसा? परंतु आकाशात तरी रस्ता आयता कोठे होता? धावपट्ट्या बांधाव्या लागल्या, दिवे लावावे लागले, बिनतारी यंत्रे बसवावी लागली, माणसे शिकवावी लागली. जाणाऱ्याचा वेळ मोलाचा मानला गेला, म्हणून तेवढा खर्च योग्य ठरला.

यास्तव दूरपणा हा केवळ भूगोलाचा गुण नव्हे. ज्याच्या वेळेस आपण किंमत देतो तो जवळ येतो. ज्याच्या वेळेस देत नाही तो शेजारी असूनही दूर राहतो. विमानाचा वेग कमी करावा, असे यातून निघत नाही. तो वेग ज्या समाजाने साधला, त्या समाजाला त्या तीन किलोमीटरांबद्दल असमर्थतेची सबब सांगता येणार नाही, एवढेच निघते. आणि ते पुरेसे आहे.