खोटें घर

खोटें बोलूं नये, हा धडा आपण मुलांना देतों, आणि त्याच संध्याकाळीं त्यांचा हात धरून त्यांना चित्रपट दाखवावयास नेतों. यांतील विसंगति कोणास फारशी टोंचत नाहीं. कारण पडद्यावरील राजा हा राजा नव्हे, हें मुलांनाहि ठाऊक असतें. नटाविषयीं प्रेक्षक सावध असतो. पण नटाच्या पाठीमागील भिंतीविषयीं तो तितका सावध असतो काय?

१९५६ सालच्या सत्यजित राय यांच्या 'अपराजितो'मध्यें हरिहर, सर्वजया आणि अपू हें कुटुंब काशीस येऊन राहतें. तेथील अंगण, जुन्या भिंती आणि वरून झिरपणारा सौम्य उजेड पाहून तें घर काशीच्या एखाद्या गल्लींतलेंच, असें मी कित्येक वर्षें समजत होतों. वस्तुतः तें कलकत्त्याच्या स्टुडिओंत उभारलेलें होतें! कला-दिग्दर्शक बंसी चंद्रगुप्त यांनीं तें रचलें. आणि छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनीं त्यावर पांढरें कापड ताणून, खालून त्यावर दिवे टाकून, परतलेल्या उजेडानें आकाशाचा भास उत्पन्न केला. स्टुडिओंत दिवे अनेक, म्हणून एका माणसाच्या सावल्याहि अनेक पडतात. त्या सावल्याच नाहींशा केल्यावर खोटेपणाचा पुरावा कोठें उरणार?

हें कळलें तेव्हां, खरें सांगावयाचें तर, मला थोडा राग आला. परंतु फसविणारास फसवणुकीचा कांहीं लाभ असतो. येथें घर जितकें हुबेहूब, तितका तें रचणारा विस्मृत! ज्याँ रेन्वार यांच्या 'द रिव्हर'वर उमेदवारी करून, 'पथेर पांचाली'पासून 'शतरंज के खिलाडी'पर्यंत रायांच्या कित्येक चित्रपटांना घरेंदारें देणाऱ्या या गृहस्थांचें नांव विचारून तिकीट काढणारा प्रेक्षक मला तरी भेटलेला नाहीं.

घर गरिबाचें असलें म्हणजे मात्र प्रश्न इतका सोपा राहत नाहीं. जयवंत दळवी यांच्या कादंबरीवरील 'चक्र' या चित्रपटाचें कला-दिग्दर्शन बंसीबाबूंचेंच. ते १९८१ सालीं न्यूयॉर्क येथें वारले, आणि या कामाचें फिल्मफेअर पारितोषिक त्यांच्या मागें जाहीर झालें. विषय मुंबईच्या झोपडपट्टीचा. अशा चित्रपटांत गोणपाट कोठें फाटावें, पत्र्यास गंज किती चढावा, हें कोणी तरी शांतपणें ठरवीत असतो. आणि आपण मऊ खुर्चींत बसून हळहळतों व घरीं येऊन जेवतों. येथें फसवणूक झालीच, तर ती आपली नव्हे. ज्याची ती झोपडी, त्याची. गंज शोभेसाठीं चढविला, तर त्याचें दारिद्र्य आपण चोरलें. पण तेथील बाई घासलेलें पातेलें नेमकें कोठें पालथें घालते, हें पाहून तें तेथेंच ठेवलें, तर तिच्या संसाराची निदान कोणी नीट दखल घेतली, असें म्हणतां येईल. कला-दिग्दर्शकाचें ऋण प्रेक्षकाशीं नसून त्या बाईशीं आहे, असें मला वाटूं लागलें आहे.

मध्यंतरीं 'अपराजितो' पुन्हा पाहिला. या खेपेस भिंतींवरच नजर ठेवावयाची, असा निश्चय करून बसलों होतों. हरिहर आजारी पडला, आणि भिंती पाहावयाचें राहून गेलें.