जीवशास्त्रातले गुण कोणाचे?

जीवशास्त्रात मिळालेले गुण विद्यार्थ्याचे की शाळेचे, हा प्रश्न ज्ञान कसे होते इथपर्यंत जातो. न्यायदर्शन प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही ज्ञानाची चार प्रमाणे (साधने) मानते. प्रयोगशाळा चालू असलेल्या शाळेत मुलगी कांद्याचा पातळ पापुद्रा काचपट्टीवर ठेवते, त्यावर आयोडीनचा थेंब टाकते आणि सूक्ष्मदर्शकातून विटांसारख्या रचलेल्या पेशी व त्यांतली गडद केंद्रके पाहते; हे तिचे प्रत्यक्ष ज्ञान. सूक्ष्मदर्शक कपाटात कुलूपबंद असेल, तर दुसऱ्या शाळेतल्या मुलीला तीच पेशी फळ्यावरच्या आकृतीतून, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावर, शब्दप्रमाणावरच मानावी लागते.

पाठांतरावर बेतलेला प्रश्न दोघींना सारखेच गुण देऊ शकतो. अनोळखी आकृती ओळखायला लावणारा प्रश्न फरक उघड करतो. म्हणून नुसत्या गुणांवरून बुद्धीचा निवाडा करता येत नाही. मेहनत विद्यार्थिनीची असते. पण शंका विचारण्याची मुभा, विषयाचा जाणकार शिक्षक आणि हाताळायला मिळणारी साधने तिच्या हातात नसतात. तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१ साली मांडलेल्या न्यायविचारानुसार सारखी कुवत आणि सारखी इच्छा असणाऱ्यांना यशाची संधीही सारखीच हवी. निकालाचे श्रेय वाटून घेता येते; साधने पुरवण्याची जबाबदारी मात्र शाळा आणि शासन यांचीच राहते.