‘परम’च्या पलीकडे

अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावी १९४६ साली जन्मलेले डॉ. विजय भटकर म्हटले, की ‘परम’ महासंगणक आठवतो. अमेरिकेनं भारताला महासंगणक द्यायला नकार दिला, १९८८ मध्ये पुण्यात त्यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. हे आपण अभिमानानं सांगतो. त्याच संस्थेनं ‘जिस्ट’ तंत्र पुढं नेऊन साध्या संगणकावर भारतीय लिपी आणल्या, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. मला तर तेच मोठं वाटतं. महासंगणक हवामान खात्याला लागतो. देवनागरीतला अर्ज शेजारच्या काकूंना.

या काकूंचं काम पासवर्डपाशी अडलं, की बीएस्सी झालेला एखादा पोरगा ‘थांबा काकू, आधी हे दाबा’ म्हणत एकेक पायरी कागदावर लिहून देतो. दुरुस्ती, शिकवणी, लेखन, सगळं एकाच बैठकीत. घरचे विचारतात, ‘विज्ञान शिकून हेच करतो काय?’ पण प्रयोगशाळेतली सवय त्याला इथंच कामी येते: आधी काय दिसलं ते विचारायचं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची.